वास्तूचे तोंड कोणाकडे?

सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागावर, भिंतींवर आणि आवारात जी शिल्पे, भित्तिचित्रे व मांडणशिल्पे उभी असतात त्यांच्याविषयी मराठी समीक्षेने आजवर जे मौन पाळले आहे, ते केवळ दुर्लक्षातून आलेले नाही. ते सिद्धांतातून आलेले आहे, आणि म्हणूनच अधिक आक्षेपार्ह आहे. दुर्लक्ष दुरुस्त करता येते. एखादा विशेषांक काढला, एखादे चर्चासत्र भरवले की भागते. परंतु ज्या सौंदर्यविचाराने कलाकृतीची व्याख्याच अशी केली की तीत भिंतीला, भिंतीच्या मालकाला आणि भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला जागा उरू नये, त्या विचाराचा हिशेब चर्चासत्राने चुकता होत नाही.

मर्ढेकरांपासून सुरुवात करणे भाग आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयनियमांनी बांधलेली संवेदनांची स्वयंपूर्ण रचना म्हणजे कलाकृती, ही त्यांची भूमिका मराठी सौंदर्यविचाराच्या हाडीमासी इतकी खिळली की तिच्या विरोधकांनीही तिचे क्षेत्रफळ निमूटपणे मान्य केले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले, आणि एका ध्रुवावर बसून दुसऱ्याला खोडून काढण्याची सोय कायमची बंद केली. पण या मोकळ्या झालेल्या दारातून आत आली ती पुन्हा कादंबरी, पुन्हा कविता. देऊळ, बाजार, रेल्वे स्थानक आणि पुतळा बाहेरच राहिले. त्यानंतर चिन्हमीमांसेची आणि वाचककेंद्री समीक्षेची लाट आली. सर्व काही संहिता आहे असे जाहीर झाले. मात्र या संहितांचा अभिप्रेत वाचक कोण होता? तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा सदस्य होता. भिंत ही संहिता असेल तर तिच्यासमोर बाजाराच्या पिशव्या घेऊन ताटकळणारी बाई तिची वाचक असली पाहिजे; हे साधे अनुमानही कोणी काढले नाही. द. ग. गोडसे यांचा अपवाद मोठा आहे. शिल्प, वास्तू आणि लोकमानस यांच्याविषयी त्यांनी जे लिहिले त्याला वाचक मिळाले, अनुयायी मिळाले नाहीत.

हा प्रश्न मुंबई-पुण्याहून पाहिला तर तो ‘दृश्यकलांची उपेक्षा’ या नेहमीच्या तक्रारीत विरघळून जातो. आखाडा बाळापूरहून पाहिला तर त्याचे रूप बदलते. कळमनुरी तालुक्यातील हे बाजाराचे गाव नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याचे जिल्ह्याचे ठिकाण परभणी होते. कलादालन, कलासंग्रहालय, प्रदर्शन या संस्था या परिसरातील शेतकऱ्याच्या आयुष्यात नाहीत. म्हणून त्याच्या आयुष्यात कला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. त्याला कला भेटते ती सार्वजनिक इमारतीला चिकटलेली भेटते: औंढा नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या अंगावर, चौकातील पुतळ्यात, शाळेच्या रंगवलेल्या भिंतीवर. समीक्षेने नेमक्या याच कलेला ‘उपयोजित’, ‘शोभेची’ किंवा ‘प्रचारकी’ म्हणून दाराबाहेर ठेवले आहे. तेव्हा वाद कलाप्रकारांच्या क्रमवारीचा नाही. कोणाच्या अनुभवाला सौंदर्यानुभव म्हणायचे, याचा तो वाद आहे.

आणि हा शेतकरी स्वतः भिंतीवर कोरला गेला तेव्हा काय झाले? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंगने रचलेले उठावशिल्प आहे. गव्हाच्या शेतात काम करणारी भारतीय शेतकरी माणसे त्यात दाखवली आहेत. ही मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिला नाव मिळाले ते मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे. वारसावास्तूंवरील पुस्तकांत या शिल्पाचे वर्णन ‘भारतीय जनजीवनाचे प्रसन्न चित्रण’ अशा धर्तीवर केलेले आढळते. प्रसन्न हा शब्द कोणाच्या बाजूने खरा आहे, हे विचारले जात नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा वाहिला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्या भावांच्या भरवशावर काढलेले कर्ज दख्खनच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. शिल्प भिंतीवर बसल्यानंतर सहाच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्यापासून सुरुवात करून पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दारावरचा शेतकरी पिकात शांतपणे वाकलेला आहे. दाराबाहेरचा शेतकरी कागद जाळतो आहे. ज्या महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांचेच नाव आज या मंडईला आहे. नाव बदलले, शिल्प तसेच आहे, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत जो अर्थ साचला आहे तो वाचायला मराठी समीक्षकाला सवड झालेली नाही.

येथे वसाहतोत्तर सिद्धांताचा अभ्यासक पुढे सरसावेल आणि म्हणेल की हे सोपे आहे. ही साम्राज्याची नजर आहे, तीत एतद्देशीय माणूस निसर्गाचा भाग होतो. निदान खरे आहे, पण ते फार लवकर हाती येते. त्याच शहरातील बोरीबंदरचे स्थानक पाहावे. १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ते उभे राहिले. दगडातील पाने, फुले, माकडे, पक्षी यांच्या कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. नजर साम्राज्याची, हात एतद्देशियांचे, आणि दर्शनी भागावरील मुखवट्यांच्या रांगेत रेल्वे कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हेही आहेत. मुख्य फाटकावर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ शेजारी शेजारी बसलेले आहेत. घुमटावर ‘प्रगती’ मशाल घेऊन उभी आहे. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला गेला आणि कोनाडा रिकामा राहिला. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, २००४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. रिकामा कोनाडा, बदललेले नाव, जागच्या जागी असलेली प्रगती, आणि या सर्वांखालून रोज लोकलसाठी धावणारी लक्षावधी माणसे, ही सगळी मिळून एकच संहिता होते. तिच्यातून फक्त १८८८ सालची संहिता वेगळी काढून तिच्यावर ‘वासाहतिक’ अशी चिठ्ठी चिकटवणे म्हणजे वाचन टाळण्याची आणखी एक सभ्य रीत आहे. मर्ढेकरवाद्याला भिंत दिसत नव्हती. या नव्या अभ्यासकाला भिंत दिसते, तिच्यासमोरचा माणूस दिसत नाही.

याच्या उलट टोकाला देशीवादी उत्तर तयार असते. परकी गॉथिक सोडा, आपल्या औंढ्याला चला, तेथे आपले शिल्प आहे, आपल्या मातीतील कारागिराचे आहे. अवश्य चालावे, पण तेथे गेल्यावर नुसते नमस्कार करून परतू नये.

औंढा नागनाथ हे यादवकालीन मंदिर मानले जाते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेशाचे स्थान ते हेच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. तोच मान द्वारकेजवळच्या नागेश्वराला आणि हिमालयातील जागेश्वरालाही दिला जातो. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरत खाली उतरावे लागते. खाली काळोख, दाटी आणि ओल. वर, बाहेर, उजेडात मात्र दगडाची विस्तीर्ण पोथी उघडी पडलेली आहे: एकावर एक चढत गेलेले थर, हत्तींची रांग, माणसांची रांग, शिवाची अनेक रूपे, नृत्य करणारा शिव, अर्धनारीश्वर, सुरसुंदरी. अनेक मूर्तींचे हात, चेहरे तुटलेले आहेत. या थरांच्या वर विटा-चुन्याचे, गिलावा केलेले, उत्तरकालीन शिखर आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव परंपरेने जोडलेले आहे.

अभिजाततेच्या पुजाऱ्यांना या देवळाचा खालचा अर्धा भाग तेवढा आवडतो. वरचा अर्धा त्यांना ओशाळवाणा वाटतो. छायाचित्र काढताना शिखर चौकटीबाहेर ठेवले जाते, आणि लिहिताना ‘मूळ हेमाडपंती वैभव’ या शब्दांत त्याची बोळवण होते. (‘हेमाडपंती’ हा शब्दही असाच आळशी आहे. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री जो हेमाद्री, त्याच्या जन्माआधीची कितीतरी देवळे या नावाने ओळखली जातात.) हा निवाडा ज्या तत्त्वावर केला जातो ते तत्त्व एककर्तृक, एककालिक कलाकृतीचे आहे, म्हणजे सहीच्या चित्राचे आहे. सार्वजनिक वास्तूला ते लावताच येत नाही. तिचे तुटणे, पुन्हा बांधले जाणे, चुना लागणे, हे तिच्या रूपावर बाहेरून आलेले अपघात नव्हेत. ज्यांना ती हवी होती त्यांनी ती आपल्या ऐपतीत पुन्हा उभी केली, ही घटना तिच्या रूपात लिहिलेली आहे. दगड संपतो आणि वीट सुरू होते ती रेघ या देवळाच्या बाह्यांगावरील कदाचित सर्वांत बोलकी रेघ असेल. डॉ. गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातील मंदिरांच्या मूर्तिशास्त्राचे काम केले; मराठी समीक्षेने ते इतिहास विभागाच्या फडताळात ठेवून दिले आणि स्वतः रूपबंधाच्या चर्चेत गढून गेली.

हे शिल्प वाचण्याची रीत चालण्याची आहे, आणि एका जागी उभे राहणाऱ्याला ते कधीच पुरे मिळत नाही. प्रदक्षिणेच्या वाटेने डोळा थरावरून सरकत जातो, कोपऱ्यावर शिल्प वळते, सावली वळते, मागे काय होते ते विसरत पुढचे दिसते. वाचकाच्या देहाला संहितेत काम देणारी ही रचना आहे. आतल्या काळोखातील दर्शनाला पुजारी लागतो, रांग लागते, वेळ लागते. बाहेरच्या शिल्पाला पायांशिवाय काही लागत नाही. म्हणून बाह्यांगाला ‘सजावट’ म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: ज्यांना आत जाता येत नव्हते, त्यांच्यासाठी देऊळ म्हणजे नेमके काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर नामदेवांच्या कथेत आहे. नरसी हे गाव याच जिल्ह्यात आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे: नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागे पाठवले, आणि देऊळच फिरले. औंढ्याची परंपरा सांगते की म्हणून देवळाचे तोंड पश्चिमेला आहे आणि म्हणून नंदी मागे राहिला. वास्तुशास्त्राचा अभ्यासक येथे खाकरून म्हणेल की पश्चिमाभिमुख शिवमंदिरे आणखीही आहेत, शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे अंबरनाथही तसेच आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. कथेचे काम दिशा समजावून सांगण्याचे नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत त्यांपैकी एकात हाच प्रसंग ते स्वतःच्या तोंडून सांगतात. तेथे गावाचे नाव नाही, नंदी नाही, जात आहे. भक्ती करताना आपल्याला धरून उठवले, तेव्हा आपण कांबळे घेऊन देवळाच्या मागे जाऊन बसलो, आणि देऊळ भक्ताकडे फिरले, असे ते पद सांगते. मराठी परंपरेने या कथेत चमत्कार पाहिला, पंजाबात गेलेल्या पदाने अपमान जपून ठेवला. समीक्षेने निदान एवढे तरी पाहायला हवे होते की सार्वजनिक वास्तूच्या अर्थाविषयीचा एक पुरा सिद्धांत येथे मांडलेला आहे. वास्तूचा अर्थ तिच्या स्थापत्यात आधीच ठरून गेलेला नसतो. तिचे तोंड कोणाकडे आहे यावर तो ठरतो, आणि ते तोंड फिरू शकते. युरोपातील वाचकवादी मीमांसेची अवतरणे देणाऱ्यांना घराजवळचे हे पद सापडू नये, यात योगायोग नाही.

मात्र या कथेचाही उत्सव करता येणार नाही. देऊळ फिरले, ते उघडले नाही. नामदेवांना निदान पाठीमागची जागा मिळाली. त्यांच्या सहवासातील चोखामेळ्याला पंढरपुरात तीही नव्हती. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये तो गेला, आणि नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वाराबाहेर समाधी बांधली. भिंत बांधणाऱ्याचे स्थान भिंतीखाली, हे ज्या संस्कृतीने इतके स्पष्ट लिहून ठेवले तिच्या शिल्पवैभवाविषयी ‘आपल्या मातीतील कारागीर’ असे गहिवरून बोलण्याआधी देशीवाद्याने थोडे थांबावे. पंढरपूरचे दार उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देशी म्हणजे आपोआप सार्वजनिक नव्हे. बोरीबंदरच्या स्थानकात जात विचारून तिकीट दिले जात नव्हते, हा फरक देशीवादाच्या तराजूत कोठे बसतो ते त्याने एकदा दाखवावे.

तिकिटावरून आठवण होते ती मुंबईच्या विमानतळाची. २०१४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये राजीव सेठी यांच्या संयोजनाखाली ‘जय हे’ या नावाने देशभरातील हजारो वस्तू, जुनी-नवी शिल्पे आणि मांडणशिल्पे यांची सुमारे तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत उभी केली गेली. कारागिरी अव्वल आहे, मांडणीत बुद्धी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिचा ‘सार्वजनिक कला’ म्हणून जो गौरव झाला तो शब्दाचा गैरवापर आहे. विमानाचे तिकीट आणि सुरक्षातपासणी यांच्या पलीकडची भिंत सार्वजनिक नसते. गावोगावच्या दारांना, कमानींना, मूर्तींना तेथे प्रवेश मिळाला; ती दारे ज्यांची होती त्यांना मिळाला नाही. गर्भगृहाची रचना तीच, पुजारी तेवढा बदलला.

आता पुतळ्याकडे यावे, कारण या विषयात समीक्षेचे मौन सर्वांत महाग पडले आहे ते येथे. पुतळा ही कला नव्हे असे शिष्ट समीक्षेने ठरवून टाकले. त्याचा परिणाम असा झाला की पुतळ्याविषयी बोलण्याची भाषा निविदा, उंची आणि बंदोबस्त यांच्या हाती गेली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर महाराष्ट्रात जी चर्चा झाली ती वाऱ्याच्या वेगाची, गंजाची, नट-बोल्टची आणि कंत्राटाची होती. ती व्हायलाच हवी होती. पण पुतळा उभा होता त्या आठ-नऊ महिन्यांत त्याच्या रूपाविषयी, त्याच्या उभे राहण्याच्या ढंगाविषयी, समुद्राकडे पाहणाऱ्या त्या आकृतीचे किल्ल्याशी काय नाते आहे याविषयी साहित्याच्या आणि कलेच्या नियतकालिकांनी किती पाने खर्च केली? फुटांखेरीज दुसरे माप समाजापाशी शिल्लक नसेल तर तो दोष समाजाचा नाही. मापे घडवणे हे ज्यांचे काम होते त्यांचा आहे.

डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याविषयी तर मौनही नाही, तुच्छता आहे. निळा कोट, एका हातात पुस्तक, दुसरा हात उंचावलेला किंवा बोट पुढे रोखलेले, गावोगाव तेच. याला साचा म्हणतात, बाजारू म्हणतात. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांनी यक्ष आणि यक्षी उभे केले तेव्हा यक्षासाठी त्यांनी मथुरेच्या संग्रहालयातील परखमच्या यक्षाचा आधार घेतला. त्याला कोणी साचा म्हटले नाही, परंपरेशी संवाद म्हटले. बुद्धाची भूमिस्पर्श मुद्रा शतकानुशतके गिरवली गेली. तिला मूर्तिशास्त्र म्हटले. मग पुस्तक धरलेला हात आणि रोखलेले बोट ही एका नव्या मूर्तिशास्त्राची मुद्रा आहे, तिची पुनरुक्ती ही तिच्या अर्थाची अट आहे, आणि गावच्या मूर्तिकाराने ती अचूक ओळखलेली आहे, हे मान्य करायला अडचण कोणती? ओळखू येणे हा या शिल्पाचा पहिला धर्म आहे. ज्या माणसाला गावात वेशीबाहेर ठेवले गेले त्याने चौकात उभ्या केलेल्या मूर्तीकडून ‘अपरिचितीकरण’ मागणे हा समीक्षेचा विनोद आहे. शरद पाटलांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) लिहिले, शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहिले. त्यांचा विषय साहित्य होता. पुतळ्याचे सौंदर्यशास्त्र अजून लिहायचे आहे, आणि ते न लिहिण्याची सबब आता उरलेली नाही.

कारण १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत, रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. आणि त्या धरपकडीत अटक झालेल्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. आखाडा बाळापूरने ज्या शहराला कित्येक वर्षे जिल्ह्याचे ठिकाण म्हणून ओळखले तेथील ही घटना आहे. तिचा राजकीय आणि न्यायालयीन विचार ज्याच्या त्याच्या ठिकाणी होईल. समीक्षेपुढचा प्रश्न निराळा आणि अधिक लाजिरवाणा आहे. ज्या वस्तूवर आघात झाला ती वस्तू कोणती होती? ते पुस्तक नव्हते. पुस्तकाचे शिल्प होते. त्याची पाने उलटत नाहीत, त्यातील कलम कोणी तेथे उभे राहून वाचत नाही. ग्रंथव्यवहारात आयुष्य घालवलेल्या पंडिताला असे न उघडणारे पुस्तक हास्यास्पद वाटू शकते. पण या शहराने दाखवून दिले की त्याच्या अवतीभोवती उघडणाऱ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे न उघडणारे पुस्तक अधिक वाचले गेले होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराला स्पर्श करण्याची बंदी होती त्यांच्यासाठी पुस्तक ही आधी एक वस्तू असते, हातात धरता येणारी, चौकात ठेवता येणारी, आपली म्हणता येणारी. मजकूर नंतर येतो. संहिता आणि तिचे भौतिक रूप यांच्या नात्याविषयी इतके तीव्र उदाहरण मराठी सिद्धांतकाराला दुसरीकडे शोधूनही मिळणार नाही. त्याने ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचले आणि पान उलटले.

पुतळ्याचा अर्थ त्याच्या देहात नसून त्याच्या जागेत आहे, हे त्याच वर्षी राज्यकर्त्यांनी समीक्षकांना शिकवले. संसदेच्या आवारात ब. वि. वाघ यांनी घडवलेला डॉ. आंबेडकरांचा पुतळा २ एप्रिल १९६७ पासून उभा होता. राम सुतार यांचा बसलेला गांधी १९९३ पासून. या गांधींच्या पायाशी बसून विरोधी पक्षांचे खासदार निदर्शने करीत. जून २०२४ मध्ये हे आणि इतर पुतळे आवारातच एका ठिकाणी एकत्र नेऊन त्या जागेला ‘प्रेरणा स्थळ’ असे नाव दिले गेले. ब्राँझचा कणही बदलला नाही, लयीचा एकही नियम भंगला नाही. तरीही ज्या मूर्तीपुढे भांडता येत होते ती आता पाहण्याची मूर्ती झाली, असा आक्षेप घेतला गेला आणि तो समजायला कोणालाही सौंदर्यशास्त्राची पदवी लागली नाही. प्रेरणा हा शब्द येथे जे काम करतो तेच काम मंडईच्या दारावर ‘प्रसन्न’ हा शब्द करीत आला आहे. स्वायत्त कलाकृतीच्या सिद्धांताला या स्थलांतराविषयी एक वाक्यही बोलता येत नाही. आणि ज्या सिद्धांताला डोळ्यांदेखत घडलेल्या अर्थांतराविषयी बोलता येत नाही तो कितीही रेखीव असला तरी अपुरा आहे.

राहता राहिली शाळेची भिंत. मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ हा शब्द शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे. बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, ऋतुचक्र, सावित्रीबाई, चंद्रयान, मध्येच एक मोर. हे भित्तिचित्रच आहे, आणि सार्वजनिक इमारतीवरचे आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारापेक्षा आणि विमानतळाच्या कलाभिंतीपेक्षा ते निश्चितच अधिक सार्वजनिक आहे, कारण त्याच्याखाली बसून मुले डबा खातात. त्यात भाबडेपणा आहे, ठरीवपणा आहे, शासकीय सूचनांचा वास आहे. नकाशाच्या हद्दी वाकड्या असतात आणि महापुरुषांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. हे सगळे दोष सांगणारा समीक्षकही स्वागतार्हच ठरेल, कारण दोष सांगायला भिंतीपुढे उभे राहावे लागते. मोराशेजारी पाढा का येतो, महापुरुषांच्या रांगेत कोण कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणाला दाराच्या वर जागा मिळते, गावातील कोणत्या गल्लीच्या आग्रहावरून कोणते चित्र आले, रंगाचे पैसे शाळेच्या अनुदानातून आले की लोकवर्गणीतून, हे विचारणारा एकही निबंध पदव्युत्तर अभ्यासक्रमात लिहून घेतला जात नाही. विद्यार्थी मात्र याच भिंतींखालून विद्यापीठात आलेले असतात. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा रंगाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असतो. औंढ्याच्या थरांवर तेवढेही सापडत नाही. चार पावसाळे गेले की भिंतीला पोपडे सुटतात, सावित्रीबाईंच्या कपाळावरून ओघळ येतो, आणि उन्हाळ्याच्या सुटीत कोणीतरी शिडी लावून पुन्हा चुना मारायला घेतो.